बीटलचा ऑटोमॅटिक चोक : तपासावा कसा, लावावा कसा

अँबेसेडर किंवा पद्मिनी चालवलेल्यांना डॅशबोर्डवरचा चोकचा खटका आठवत असेल. फोक्सवॅगन बीटलच्या सोलेक्स ३० पिक्ट आणि ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटरवर हेच काम एक बायमेटल स्प्रिंग करते. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटतं. म्हणून कार्ब्युरेटरची वरची झडप, म्हणजेच चोक, मिटून हवा कमी करायची. इग्निशन चालू झालं की चिनी मातीच्या गोल टोपीतली तार तापते, स्प्रिंग सैल होते आणि झडप उघडत जाते.

तपासणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवरच करा. एअर क्लीनर काढा. तो तेलाचा असेल तर आडवा करू नका, तेल सांडतं. ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा. हे न करता स्टार्टर मारला तर झडप मिटतच नाही, कारण कार्ब्युरेटरच्या डाव्या बाजूच्या पायऱ्यांच्या कॅमवर (झडपेबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) थ्रॉटलचा स्क्रू अडकून बसलेला असतो. आता इंजिन सुरू करा. इंजिनच्या व्हॅक्यूमने (शोषणाने) झडप लगेच थोडी उघडली गेली पाहिजे, आणि काही मिनिटांत ती उभी सरळ, म्हणजे पूर्ण उघडी, व्हायला हवी.

झडप उघडत नसेल तर टोपीला हात लावा. गार लागली तर तिच्या वायरीवर टेस्ट लॅम्प धरा. ही वायर इग्निशन कॉइलच्या १५ नंबरच्या टर्मिनलवरून येते. करंट येत असूनही टोपी गार असेल, तर आतली तार जळलेली आहे, टोपी बदला. नवी घेताना तिच्यावरचा ६ किंवा १२ व्होल्टचा शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टोपी गरम पण झडप मिटलेली, असं असेल तर झडपेचा दांडा चिकटलाय. कार्ब्युरेटर क्लीनर मारून तो मोकळा करा. तेल अजिबात नको, त्यावर धूळ बसून दांडा पुन्हा जाम होतो.

आता सेटिंग. इंजिन बंद आणि थंड हवं. कार्ब्युरेटरखाली फडकं पसरा, कारण टोपी धरून ठेवणाऱ्या कड्याचे तीन बारीक स्क्रू पत्र्याच्या फटीत पडले की शोधत बसावं लागतं. टोपी काढलीच असेल तर परत बसवताना स्प्रिंगचा आकडा आतल्या दांडीत अडकला पाहिजे. फसगत बहुतेक इथेच होते. टोपी फिरवून तिची खूण कार्ब्युरेटरवरच्या मधल्या रेघेवर आणा आणि स्क्रू बेताने आवळा, चिनी माती तडकते. ॲक्सिलरेटर पुन्हा दाबा. झडप हलकेच मिटावी, घट्ट दाबून बसू नये. उकाड्याच्या दिवसांत ती पूर्ण मिटली नाही तरी चालेल.

झडप अर्धवट मिटलेली राहिली तर काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते. त्याहून वाईट म्हणजे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली इंजिनच्या तेलात उतरतं. डिपस्टिकला (तेल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला तर चोक दुरुस्त करून तेलही बदला. आयडलिंगच्या (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याच्या वेगाच्या) सेटिंगला मात्र झडप पूर्ण उभी झाल्यावरच हात लावा.