'समजलं' हे इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

'आय ॲम नोइंग दॅट', 'आय ॲम अवेअर अबाउट इट'. ही वाक्यं ऑफिसात रोज कानावर पडतात. यातली व्याकरणाची चूक सुधारायला सोपी आहे. मराठीत 'मला समजतंय' चालतं, म्हणून जीभ 'अंडरस्टँडिंग'कडे वळते. इंग्रजीत मात्र सरळ 'आय नो', 'आय अंडरस्टँड'. अवेअरनंतर 'ऑफ' येतं; पुढे पूर्ण वाक्य असेल तर 'दॅट'. 'ऑफ दॅट द ऑफिस इज क्लोज्ड' असं दोन्ही एकत्र नको. मुलाखतीत 'आय ॲम वेल नोन अबाउट एक्सेल' तर मुळीच नको, कारण वेल नोन म्हणजे सुप्रसिद्ध.

सुराची चूक जास्त महागात पडते. 'आय ॲम वेल अवेअर ऑफ द डेडलाइन' हे वाक्य निर्दोष आहे, पण ज्याने आठवण करून दिली त्याला ते 'माहितीये मला, पुन्हा सांगू नका' असं लागतं. तिथे 'थँक्स फॉर द रिमाइंडर' म्हणा. कुणी नवीन काही सांगितलं की 'आय नो' म्हणू नये. 'आय सी' किंवा 'गॉट इट' म्हणावं. सहकाऱ्याला 'डू यू अंडरस्टँड?' विचारलं तर दरडावल्यासारखं वाटतं, 'डझ दॅट मेक सेन्स?' बरं.

माझ्या मते सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे नुसतं 'ओके' म्हणून मोकळं होणं. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकून 583 माणसं गेली. 'आम्ही आता टेकऑफवर आहोत', असं डच विमानातून कळवलं गेलं. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरने 'ओके' म्हटलं. 'थांबा, मी सांगतो' हे पुढचे शब्द रेडिओच्या खरखरीत बुडाले. धुक्यात दोघांची समजूत वेगवेगळी होती. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्यानंतर रेडिओवरची भाषा काटेकोर झाली. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं 'ओके' किंवा 'रॉजर' पुरत नाही, वैमानिकाने ती पुन्हा म्हणून दाखवायची असते. रॉजरचा अर्थही 'तुमचा निरोप मिळाला' एवढाच. 'तसं करतो' यासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द आहे.

क्लायंटशी बोलताना हेच करा. 'नोटेड' लिहून थांबू नका. काय समजलं ते लिहा: 'सो आय विल सेंड द रिव्हाइज्ड कोटेशन बाय थर्सडे, विदाउट जीएसटी. इज दॅट राइट?' अर्धंच कळलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा: 'आय ॲम क्लिअर ऑन द प्राइस, बट नॉट ऑन द डिलिव्हरी डेट.'