डावीकडे, मध्ये, उजवीकडे: फाशांच्या सोप्या खेळात या चुका टाळा

काही खेळांचे नियम चार ओळींत मावतात आणि तरीही पहिल्याच डावात वादावादी होते. तीन फाशांचा ‘डावीकडे-मध्ये-उजवीकडे’ हा त्यातलाच. काही जण त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एलसीआर’ म्हणतात. खेळ निव्वळ नशिबाचा आहे. चाल निवडायची नसते, पानं लपवायची नसतात, त्यामुळे वाईट खेळणं कुणाला जमतच नाही. चुका होतात त्या दान पडायच्या आधी आणि दान पडल्यानंतर. ज्या खेळात हुशारीला वावच नाही तिथे डाव चोख चालला का, एवढंच पाहायचं असतं. तेच बिघडलं तर मग टेबलावर काही शिल्लक राहत नाही.

नवीन मंडळींसाठी आधी नियम. भिडू किमान तीन हवेत. गोल बसायचं आणि प्रत्येकाने तीन चकत्या घ्यायच्या. चकत्या नसतील तर बटणं चालतात. पाळी आली की हातात जितक्या चकत्या तितके फासे टाकायचे, पण तीनपेक्षा जास्त कधीच नाही. साधे फासे असतील तर १, २, ३ पडल्यास काही करायचं नाही. ४ पडला तर एक चकती डावीकडच्याला, ५ पडला तर एक मधल्या गल्ल्यात, ६ पडला तर एक उजवीकडच्याला. गल्ल्यात गेलेली चकती परत येत नाही. शेवटी ज्या एकाच्याच हातात चकत्या उरतात तो जिंकला.

४-५-६ हा क्रम खेळाच्या नावाप्रमाणेच आहे, डावी-मधली-उजवी, म्हणून तो लक्षात राहतो. तरीही एका चिठ्ठीवर लिहून ती मध्ये ठेवावी. कारण पहिल्या फेरीत कुणीतरी हमखास विचारतं, “मला चार पडले, म्हणजे चार चकत्या द्यायच्या?” नाही. फाशावरचा आकडा दिशा सांगतो, संख्या नाही. एक फासा म्हणजे जास्तीत जास्त एक चकती.

“माझ्या संपल्या, मी आऊट”

सगळ्यात जास्त डाव या एका गैरसमजाने बिघडतात, म्हणून यावर जरा थांबतो.

चकत्या संपल्या म्हणजे भिडू बाद झाला असं नसतं. त्याची पाळी आली की फासे फक्त पुढे जातात, एवढंच. शेजाऱ्याच्या दानाने एक चकती आली की तो पुन्हा खेळात. एकदा माझी भाची दुसऱ्याच फेरीत रिकामी झाली, फुरंगटून आतल्या खोलीत गेली आणि तिच्या जागेपुढे एकामागून एक तीन चकत्या येऊन पडल्या. आता त्या कुणाच्या, यावर मोठी माणसं वाद घालत बसली. कुणी म्हणे पलीकडच्याला द्या, कुणी म्हणे गल्ल्यात टाका. शेवटी तिला हाक मारून आणलं आणि तो डाव तिनेच जिंकला.

आशा ठेवायची ती किती, याचा हिशोब सोपा आहे. तुमच्या एका बाजूच्या शेजाऱ्याकडे तीन चकत्या आहेत आणि तो तीन फासे टाकतोय. तुमच्याकडची बाजू एका फाशावर न पडण्याची शक्यता सहात पाच, म्हणजे तिन्हींवर न पडण्याची २१६ पैकी १२५. उरलेल्या ९१ वेळा, म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळा, निदान एक चकती तुमच्याकडे येते. दोन्ही बाजूंचे शेजारी तीन-तीन फासे टाकणार असतील तर एका फेरीत काहीतरी मिळण्याची शक्यता ६६ टक्क्यांच्या वर जाते. तीनातल्या दोन वेळा! असं असताना जागा सोडून उठणं हाच तोटा. खेळ सुरू व्हायच्या आधी सांगून टाका: डाव संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि “आऊट” हा शब्द वापरायचा नाही.

डावीकडे म्हणजे कुणाच्या?

फासे टाकणाऱ्याच्या. समोर बसलेल्याला ते उलट दिसतं आणि तो ठामपणे म्हणतो, “अरे, डावीकडे म्हणजे इकडे!” यावर वाद घालण्याऐवजी टाकणाऱ्याने आपला डावा हात टेबलावर ठेवावा आणि त्याच हाताने चकती सरकवावी. लहान मुलांसाठी हा उपाय मोठ्यांच्या समजावणीपेक्षा दहापट चांगला. मोठ्यांनाही लागतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

पाळीही डावीकडेच सरकते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मध्येच कुणी फासे उलट्या बाजूला दिले की कुणाची पाळी चुकली हे कळायलाही दोन फेऱ्या लागतात. चूक लगेच लक्षात आली तर मागे जाऊन दुरुस्त करा. मधे दुसऱ्या कुणी फासे टाकले असतील तर सोडून द्या आणि पुढे चला. चार दानं उलटी फिरवून हिशोब जुळवायला गेलात तर त्यातून नवीन चुका निघतात.

जास्त चकत्या, जास्त फासे?

एखाद्याकडे पाच चकत्या झाल्या की तो आपसूक पाच फासे शोधू लागतो. फासे तीनच. म्हणून पाच चकत्यांवर बसलेल्याच्या हातात दान कितीही वाईट पडलं तरी दोन उरतातच. उलटी चूकही तितकीच होते: दोन चकत्या असताना सवयीने तीन फासे टाकले जातात. मग कोणता फासा धरायचा नाही? अर्थातच, न आवडलेला. इथूनच रडीचा डाव सुरू होतो. फासे जास्त टाकले गेले तर ते दान रद्द, सगळे फासे उचलायचे आणि योग्य संख्येने पुन्हा टाकायचं. निवडानिवड नाही.

मोजणी दान टाकण्याआधीच्या चकत्यांची. एका दानातले सगळे फासे वाचून, चकत्या वाटून झाल्यावरच फासे उचलायचे. घाईघाईत फासे उचलून पुढच्याला दिले आणि मग “तुला चार पडला होता की पाच?” हा प्रश्न आला, की त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

कलंडलेला फासा

ताटाच्या कडेला टेकून तिरका राहिलेला, चकतीवर चढलेला, टेबलाखाली गेलेला. याचं काय करायचं ते आधी ठरवा. आमच्याकडे नियम असा: सपाट बसला नाही किंवा टेबलाबाहेर गेला तर तेवढा एकच फासा पुन्हा टाकायचा, बाकीचे तसेच. काही ठिकाणी तिन्ही पुन्हा टाकतात. दोन्ही चालतं. चालत नाही ते एवढंच की पाच पडला तर “तिरका होता” आणि दोन पडला तर “नीट आहे की”. उथळ डबा किंवा काठाचं ताट घेऊन त्यातच फासे टाकले तर हा तंटा जवळजवळ संपतो, आणि कपाटाखाली हात घालायची वेळही येत नाही.

“आता पाच पडणारच”

इतका वेळ गल्ल्यात काही गेलं नाही, म्हणजे आता जाणार, असं सगळ्यांनाच वाटतं. फाशाला मागचं काही आठवत नसतं. एक फासा सहा वेळा टाकला तरी पाच एकदाही न पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के असते. म्हणजे अशी ‘विचित्र’ मालिका दर तिसऱ्यांदा दिसणारच. फुंकर मारून फासे टाकायला माझी काही हरकत नाही, त्यात गंमत आहे. पण एखाद्या मुलाला “तू नेहमी वाईटच टाकतोस” म्हणणं, किंवा जिंकणाऱ्याला “कसलं डोकं लावलंस” म्हणणं, दोन्ही चुकीचंच. तीन फासे टाकून एकही चकती न जाण्याची शक्यता आठात एक, आणि तिन्ही जाण्याचीही आठात एकच. हे वाक्य ऐकवल्यावर रडणारं मूल हसत नाही, हे खरं. पण निदान मोठं माणूस गप्प बसतं.

डाव संपतच नाही

भिडू सहा असतील तर चकत्या १८. शेवटी एक-दोन हातात राहतात असं धरलं तर सोळाएक चकत्या गल्ल्यात जायला हव्यात. एका फाशावर पाच पडण्याची शक्यता सहात एक, म्हणून एकूण सरासरी ९६ फासे पडावे लागतात. हे पाच-दहा मिनिटांत होतं. बारा जण एकाच गोलात बसवले तर आकडा दोनशेच्या पुढे जातो आणि प्रत्येकाला पाळीची वाट पाहत बसावं लागतं. आठाच्या वर माणसं झाली की दोन गोल करा. दोन्हींच्या विजेत्यांना गाठ घालून द्यायचा मोह होईल, पण दोघांत हा खेळ जमत नाही, त्याबद्दल पुढे.

शेवटचा टप्पाही रेंगाळतो. दोघांकडे एक-एक चकती आणि बाकी सगळे रिकामे, अशी वेळ आली की दर दानाला एकच फासा पडतो आणि त्यातली निम्मी दानं फुकट जातात. अशा वेळी रिकाम्या भिडूंनी फासे हातात घेऊन खेळवत बसू नये, सरळ पुढे सरकवावेत.

आणि शेवटच्या उरलेल्याने दान टाकायचं की नाही? मूळ रीत अशी की बाकी सगळे रिकामे झाले त्या क्षणी तो जिंकला. काही घरांत त्याने एक शेवटचं दान टाकावं असा नियम असतो. कोणता धरायचा ते पहिल्या दानाआधी बोला, गल्ला भरलेला दिसू लागल्यावर नाही.

पैशांनी खेळू नये असं माझं मत आहे. चकत्यांऐवजी नाणी आली की हाच खेळ जुगार होतो, आणि हरलेल्याला सावरायला कसबाचाही आधार नसतो. तीन वर्षांखालचं मूल जवळ असेल तर फासे आणि बटणं त्याच्या हाताला लागू देऊ नका. तोंडात जातात.

दोघेच असाल तर

हा खेळ काढूच नका. डावीकडचा आणि उजवीकडचा एकच माणूस, त्यामुळे चकत्या नुसत्या इकडून तिकडे फिरतात. त्याऐवजी एका फाशाचा ‘पिग’ खेळा. आपल्या पाळीत हवं तितक्या वेळा फासा टाकायचा, आकडे मिळवत जायचं आणि वाटेल तेव्हा थांबून बेरीज खात्यात घालायची. मात्र एक पडला की त्या पाळीची सगळी कमाई गेली. आधी शंभर गाठणारा जिंकतो. यातली नेहमीची चूक म्हणजे हाव. पाळीची बेरीज वीस झाली की पुढच्या दानात सहात एक शक्यता वीस गमावण्याची, आणि सहात पाच शक्यता सरासरी चार मिळवण्याची. दोन्ही पारडी इथे अगदी सारखी होतात. म्हणून विसाला थांबा, पण समोरचा नव्व्याण्णवावर बसला असेल तर थांबून उपयोग नाही, टाकत राहा.