थोरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी: सीमाभागातील नोंदकर्त्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी परिसरातील मराठी घरांत असे एखादे तरी वडीलधारे माणूस सापडते, ज्याने १७ जानेवारी १९५६ चा बेळगावचा गोळीबार, ६ एप्रिल १९८१ चा निपाणीच्या तंबाखू आंदोलनातील गोळीबार किंवा १ जून १९८६ चे कन्नड सक्तीविरोधी आंदोलन स्वतः पाहिले आहे किंवा निदान त्या दिवशीची घरातली घालमेल अनुभवली आहे. अलीकडे नातवंडे मोबाइल घेऊन अशा माणसांसमोर बसू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. मोबाइल कुठे ठेवावा, पंखा बंद करावा की नाही, हे प्रश्न त्यांना लवकर सुटतात. आधी काय विचारावे, तीच हकिकत दुसऱ्यांदा वेगळी सांगितली गेली तर काय करावे आणि सांगणाऱ्याच्या ठाम स्वरावर किती भिस्त ठेवावी, हे प्रश्न मात्र अवघड आहेत, आणि त्यांची उत्तरे भावना व स्मृती यांवरील मेंदूसंशोधनात बऱ्याच अंशी मिळतात.

मी स्वतः ही गोष्ट चूक करून शिकलो. माझे मामा संकेश्वरला राहत असत. निपाणीच्या गोळीबाराची बातमी आपल्याला घरी रेडिओवर कळली, असे त्यांनी पहिल्या खेपेस सांगितले. दोन वर्षांनी तीच हकिकत सांगताना ते बसस्थानकावर उभे होते आणि एका ड्रायव्हरने ती बातमी आणली होती. दोन्ही वेळा त्यांचा स्वर तितकाच ठाम होता. मी तिथल्या तिथे म्हणालो, "मामा, मागच्या वेळी तर तुम्ही रेडिओ म्हणाला होता." मामांनी माझ्याकडे पाहिले, चहा मागवला आणि त्या दिवशी पुढे काहीही सांगितले नाही.

मामा खोटे बोलत नव्हते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले, तेव्हा उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कोणाकडून व कशी कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांची उत्तरे सर्व मुख्य बाबतींत चुकली होती, तरी अनेकांना आपल्या आठवणीची पुरेपूर खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातले जुने उत्तर दाखवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. आठवण किती स्पष्ट वाटते आणि ती किती अचूक असते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नोंदकर्त्याने प्रथम मनाशी पक्के करावे.

मेंदूत नेमके काय घडते

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा पेशीसमूह असतो आणि त्याच्या लगतच हिप्पोकॅम्पस असतो. एखादी घटना कुठे, केव्हा, कोणाबरोबर घडली याची नवी नोंद होण्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत हा भाग काढला गेल्यानंतर हेन्री मोलेसन या रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या, आणि ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा केलेला अभ्यास या शास्त्राचा पाया ठरला. अमिग्डाला मात्र 'हे महत्त्वाचे आहे' अशी खूण करतो. जेम्स मॅगॉ यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून असे दिसले की, ताणाच्या प्रसंगी स्रवणारी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके अमिग्डालामार्फत हिप्पोकॅम्पसमधील नोंद अधिक घट्ट करतात. १९९४ च्या एका प्रयोगात अॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध आधी दिलेल्यांना गोष्टीतला हृदयद्रावक भाग इतरांइतका चांगला आठवला नाही. म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीच्या साध्या बाजाराच्या दिवसाची काहीच आठवण उरत नाही, पण गोळीबाराचा दिवस उरतो.

मात्र अमिग्डाला म्हणजे 'भीतीचे केंद्र' असे जे सर्रास लिहिले जाते, ते जपून वाचावे. उंदरांमधील भीतीच्या शिकण्यावर आयुष्य घालवलेले जोसेफ लेडू यांनीच पुढे आग्रहाने मांडले की, हा पेशीसमूह धोका ओळखून शरीराला सज्ज करतो. माणसाला जाणवणारी भीती ही त्याहून अधिक आणि मेंदूच्या इतर भागांच्या सहभागाने घडणारी गोष्ट आहे. नोंदकर्त्याला याचा थेट उपयोग होतो, कारण सांगणाऱ्याचे हात थरथरले म्हणजे त्याला त्या क्षणी नेमके काय वाटत होते हे कळले, असे मानू नये. ते त्यालाच विचारावे.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्टही येथे विचारात घेण्यासारखी आहे. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास हालचाल करता येणार नाही असे बंदिस्त ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आक्रसल्या, तर अमिग्डालातील पेशींच्या शाखा उलट वाढल्या. पुढे २१ दिवसांची विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डाला मात्र झाला नाही. उंदरावरून माणसाकडे सरळ उडी मारू नये हे खरेच, तरीही तारीख-वार विसरलेल्या एखाद्या आजींचा आवाज तीच हकिकत सांगताना आजही का कापतो, हे समजून घ्यायला या प्रयोगाची मदत होते.

पहिली बैठक

पहिल्या बैठकीत प्रश्न जवळजवळ विचारूच नयेत. "त्या दिवसाचे सकाळपासून काय आठवते ते सांगा," इतके म्हणून गप्प बसावे. सांगताना मध्येच मोठी शांतता आली तरी ती भरून काढू नये. वृद्धांना आठवण गोळा करायला वेळ लागतो, आणि आपण घाईने दिलेला शब्द त्यांच्या आठवणीत कायमचा शिरू शकतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या अपघाताची फीत दाखवून प्रेक्षकांना वेगाचा अंदाज विचारला. गाड्या एकमेकींवर "आदळल्या" असा शब्द वापरलेल्या गटाने ताशी सरासरी ४०.८ मैल सांगितले, तर "टेकल्या" अशा अर्थाचा सौम्य शब्द ऐकलेल्या गटाने ३१.८. वेगळ्या प्रेक्षकांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर "आदळल्या" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना फीतीत नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या.

आपल्या भागात हा धोका अधिक आहे, कारण एकाच घटनेसाठी आपल्याकडे अनेक शब्द आहेत. आजी म्हणतात, "लई गद्दल झाली होती," आणि नातू विचारतो, "म्हणजे दंगल झाली का?" दंगल म्हटले की दोन जमाव आले, हल्ला आला, जाळपोळ आली, आजींच्या "गद्दल" या शब्दात कदाचित केवळ धावपळ आणि आरडाओरड असेल. म्हणून पुढचा प्रश्न त्यांच्याच शब्दात विचारावा: "गद्दल झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?" लिप्यंतर करतानाही "सुगी", "अक्का", मध्येच आलेले कन्नड शब्द किंवा बोलीतली क्रियापदे पुण्याच्या मराठीत बदलू नयेत, ती बदलली की सांगणाऱ्याचा अनुभव आपल्या अनुभवात बदलतो. नातवाला एखादा शब्द कळला नाही, तर त्याचा अर्थ बैठक संपल्यावर विचारून वेगळ्या ओळीत लिहून ठेवावा.

पहिल्याच कथनाला इतके महत्त्व देण्यामागे आणखी एक कारण आहे. करीम नादर, ग्लेन शेफ आणि लेडू यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उंदरांची पक्की झालेली भीतीची आठवण आधी जागी करून लगेच अमिग्डालात, आठवण पक्की व्हायला लागणारी प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले, तेव्हा ती आठवण पुढे दिसेनाशी झाली. आठवण जागी न करता तेच औषध दिल्यावर काही फरक पडला नाही. जागी झालेली आठवण काही काळ ओली मातीच असते आणि पुन्हा घट्ट होताना तिच्यात नवे मिसळू शकते, असा याचा अर्थ लावला जातो. माणसांत हे नेमके किती आणि केव्हा घडते यावर वाद आहे. तरीही १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या सभेत दरवर्षी तीच हकिकत सांगणाऱ्या आजोबांच्या कथनात इतरांच्या भाषणांतले प्रसंगही मिसळलेले असू शकतात, हे गृहीत धरूनच त्यांच्यासमोर बसावे. शक्य असेल तर अशा सभेच्या आधी बैठक घ्यावी. एकाच घरातल्या दोघी जावांना शेजारी बसवून एकत्र बोलवू नये. एकीचे ऐकून दुसरीची आठवण बदलते, आणि ते कळतही नाही.

दुसरी बैठक आणि तारखा

दुसरी बैठक पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यावी आणि प्रश्न तेव्हा विचारावेत. थेट साल विचारले तर बहुधा अंदाजच मिळतो. त्याऐवजी त्या वर्षातल्या ओळखीच्या खुणा विचाराव्यात: भातलावणी झाली होती का, वडगावच्या मंगाई यात्रेच्या आधी की नंतर, घरात कोणाचे लग्न किंवा बाळंतपण होते का, शाळा सुरू झाली होती का. भावनेने घट्ट झालेल्या आठवणीत मध्यवर्ती गोष्टी, म्हणजे लाठी, रक्त, ओळखीच्या माणसाचा चेहरा, टिकून राहतात आणि कडेच्या गोष्टी, म्हणजे वेळ, अंतर, जमावाचा आकार, सुटतात. जमाव किती होता याचा आकडा सांगणाऱ्याच्या तोंडून आला म्हणून तो खरा मानू नये; मात्र "पाचशे माणसे होती" हे त्यांचे वाक्य जसेच्या तसे ठेवावे आणि आकड्याचा आधार जुन्या 'तरुण भारत'च्या अंकांत किंवा इतर कागदपत्रांत स्वतंत्रपणे शोधावा.

वासाचा उपयोग अवश्य करावा. इतर संवेदना थॅलॅमस या मेंदूतल्या वाटपकेंद्रामधून वाट काढतात, वास मात्र अमिग्डालाच्या आणि हिप्पोकॅम्पसच्या परिसरात बराच थेट पोहोचतो. निपाणीच्या वखारीत काम केलेल्या एखाद्या मावशींना प्रश्नांच्या यादीपेक्षा तंबाखूच्या पानाचा वास अधिक बोलते करील. मात्र हे दुसऱ्या बैठकीतच करावे, आणि कोणती वस्तू समोर ठेवली हे नोंदीत लिहावे.

सांगणारे रडू लागले, श्वास जड झाला किंवा ते त्याच क्षणात अडकले असे वाटले, तर मुद्रण थांबवावे, पाणी द्यावे, आणि मागच्या आठवणीऐवजी आजच्या गोष्टींवर, नातवंडांवर, पावसावर बोलावे. "पुढे काय झाले?" हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा विचारू नये. पुढच्या रात्री त्यांना झोप लागली का, हे घरच्यांना फोन करून विचारावे. त्रास लांबत असेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मदत मिळते.

नोंदी कशा ठेवाव्यात

प्रत्येक बैठकीची ध्वनिफीत वेगळी ठेवावी आणि तिच्या नावात सांगणाऱ्याचे टोपणनाव, तारीख आणि बैठकीचा क्रमांक घालावा. दोन कथनांत फरक आढळला तर एकाचे दुसऱ्यात मिश्रण करून सुबक हकिकत बनवण्याचा मोह आवरावा. वहीच्या डाव्या पानावर पहिले कथन, उजव्या पानावर दुसरे आणि तळाशी कागदपत्रांतून मिळालेले वेगळ्या शाईने लिहावे, म्हणजे कोणती गोष्ट कोणाकडून आली हे पन्नास वर्षांनंतर वाचणाऱ्यालाही कळेल. फरकाबद्दल सांगणाऱ्याला विचारायचेच असेल, तर बरेच दिवस जाऊ द्यावेत, आणि तेव्हाही त्याची चूक दाखवण्याऐवजी "रेडिओचाही एक प्रसंग तुम्ही सांगितला होता, तो केव्हाचा?" अशा रीतीने विचारावे. मामांना मी पुढच्या वर्षी असेच विचारले, तेव्हा ते म्हणाले की रेडिओ ऐकला तो रात्री, आणि ड्रायव्हर भेटला तो संध्याकाळी. हे तिसरे कथनही मी तारखेसह वेगळ्या पानावर लिहून ठेवले आहे.