मासे आजारी दिसले, पण औषध कधी टाकायचं? माझा अनुभव

फिश टँकमधल्या मॉली (माशांची एक जात) पंख मिटून पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडझाप करत होत्या, घरचे म्हणाले औषध टाक लगेच, पण सगळेच मासे एकदम मलूल झाले की मला आधी पाण्यावरच संशय येतो म्हणून टेस्ट किट काढलं, तर अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विषारी द्रव्य) ०.५ पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग, जो खरंतर शून्य हवा. मग ३० टक्के पाणी बदललं (क्लोरीन काढूनच), खाणं बंद ठेवलं, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात केला आणि मासे हळूहळू खाली उतरले, औषधाचा थेंबही नाही लागला. उगाच अँटिबायोटिक टाकलं असतं तर फिल्टरमधले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया मरू शकले असते आणि अमोनिया अजून वाढला असता.

नंतर मात्र एकीच्या अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले, म्हणजे इक (परजीवी जंतूंमुळे होणारा आजार), तिथे औषध द्यायला थांबायचं नाही. फिल्टरमधला कार्बन काढला कारण तो औषध शोषून घेतो, आणि डोस पूर्ण टँकला दिला. ठिपके गेल्यावरही कोर्स चालू ठेवला, कारण औषध फक्त पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या जंतूंवरच चालतं, अंगात रुतलेल्यांवर नाही.