अलापूलला तंबू घेऊन जाताना: पावसाळी तयारीची यादी

एडिंबराहून अलापूल साधारण 340 किलोमीटर. ए 9 रस्त्याने इन्व्हरनेस, तिथून ए 835 ने स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत. लॉख ब्रूम या खाडीच्या काठावरचं हे गाव 1788 मध्ये हेरिंग मासेमारीसाठी वसवलं गेलं. अटलांटिकवरून येणारे ढग डोंगरांना अडून इथे रिकामे होतात, त्यामुळे जून-जुलैतही पाऊस लागणार हे धरूनच सामान बांधायचं.

आपल्यापैकी बरेच जण सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करून वाढलेले, म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. तिथला पाऊस उबदार असतो. भिजलो, चहा-भजी झाली, अंगावरच कपडे वाळले. इथे जुलैतही रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि वर वारा. भिजलेला माणूस गारठतो, आणि लहान मुलं तर फार लवकर. म्हणून जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर जॅकेट आणि पॅन्ट दोन्ही जलरोधक. छत्री नको, वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही.

प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड फक्त झोपण्यासाठी: थर्मल, लोकरी मोजे, टोपी. तो स्लीपिंग बॅगेसोबत ड्रायबॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) बंद, आणि तंबूत शिरल्याशिवाय उघडायचा नाही. दिवसभर कितीही ओलं झालं तरी रात्री कोरडं अंथरूण मिळणार असेल, तर सहल तग धरते. बाकी सगळी यादी मी या एका जोडाच्या रक्षणासाठीच करते.

तंबू निघण्याच्या आठवडाभर आधी अंगणात उभा करून त्यावर पाइपने पाणी मारा. शिवणीतून थेंब आला तर सीलंट लावून पूर्ण वाळू द्या. खाली घालायची शीट तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर तिच्यावर साचलेलं पाणी थेट तुमच्या पाठीखाली येतं. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या या वाऱ्यात उपटतात, लांब आणि मजबूत वेगळ्या घ्या. जादा दोर आणि एक ताडपत्री हवीच.

गाडी भरण्याचा क्रम सामानाइतकाच महत्त्वाचा. ताडपत्री, तंबू आणि हातोडी सगळ्यात शेवटी डिकीत ठेवा, म्हणजे पोहोचल्यावर आधी हाती लागतील. ताडपत्री बांधायची, तिच्या आडोशाला तंबू, आणि मगच अंथरुणं बाहेर काढायची. ओले बूट आणि रेनकोट यांच्यासाठी एक मोठा प्लॅस्टिकचा टब, बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं.

गॅसची शेगडी तंबूच्या आत कधीच पेटवू नका, कितीही पाऊस असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक ताडपत्रीखाली, चहूबाजूंनी वारा खेळता ठेवून. फोडणी घालून भाजलेला उपम्याचा रवा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आल्याचा चहा मसाला घरूनच न्या. दूध-भाजी गावातल्या सुपरमार्केटात मिळते.

पाऊस थांबला आणि वाराही पडला की मिजेस येतात. चिलटांहून बारीक, पण थव्याने चावतात. मे ते सप्टेंबर हा त्यांचा काळ, पहाट-संध्याकाळ जास्त. प्रत्येकाला डोक्यावरून घ्यायची जाळी आणि स्मिज, म्हणजे मिजेसना पळवणारं औषध. उंच गवतातून आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड शोधा. त्यांच्यापासून लाइम रोग होतो, म्हणून गोचीड काढायचा चिमटाही ठेवा.

वायपर आणि टायर तपासा, इन्व्हरनेसला टाकी भरून घ्या, नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. अलापूलच्या उत्तरेला एका वेळी एकच गाडी मावेल असे अरुंद रस्ते आहेत, वाहतूक मात्र दोन्ही दिशांनी. तिथले पासिंग प्लेस, म्हणजे कडेच्या रुंद जागा, समोरच्याला आणि मागच्यालाही वाट देण्यासाठी असतात, फोटोसाठी गाडी लावायला नाहीत. मद्यपान करून गाडी चालवण्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे.

कॅम्पसाइट आधीच आरक्षित करा. 2003 च्या कायद्याने इथे मोकळ्या जमिनीवर तंबू टाकायचा हक्क दिला आहे, पण तो पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांना. गाडीत झोपणं त्यात येत नाही.

आणि मुसळधार दिवसासाठी कॉरीशॅलख घळ राखून ठेवा, अलापूलच्या सुमारे 20 किलोमीटर अलीकडे. फोर्थ रेल्वे पुलाच्या अभियंत्यांपैकी एक, जॉन फाउलर, यांनी बांधलेला झुलता पूल तिथे आहे आणि मेझॅखचा सुमारे 45 मीटरचा धबधबा त्यावरून दिसतो. तो बघायचा तर पावसातच.