व्हीलबेस किती ठेवायचा? आधी दोन काठ्या आणि सुतळी घ्या

जीप मॉडिफाय करायला काढली की सगळे लिफ्ट (गाडी वर उचलणं) किती अन् टायर केवढे एवढंच विचारतात, व्हीलबेसचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतराचं, नाव कुणी घेत नाही, आणि मग सगळा खर्च झाल्यावर गाडी भातखाचराच्या बांधावर पोट टेकून बसते, चारही चाकं फिरतायत पण गाडी जागची हलत नाही. मी स्वतः असा बसलोय, ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास.

तर आधी मोजा. सपाट फरशीवर गाडी, स्टिअरिंग सरळ, पुढच्या-मागच्या हबच्या मधोमध ओळंबा सोडायचा, खाली खडूने खूण, दोन खुणांमध्ये टेप. दोन्ही बाजूंनी मोजा बरं का. डाव्या-उजव्यात बोटभर फरक आला तर एक्सल तिरका बसलाय, पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट बघा पहिला.

अंदाजासाठी काही गाड्यांचे व्हीलबेस: जुनी जीप सीजे ३बी २०३२ मिमी, महिंद्रा एमएम ५४० चा २३११, जिप्सी २३७५, तीन दारांची थार २४५०, थार रॉक्स २८५०.

आता मुख्य गोष्ट. पोटाखाली २५ सेंमी जागा धरली तर ढोबळ हिशोबाने २०३२ वाल्या गाडीला साधारण २८ अंशांचा ब्रेकओव्हर (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन) मिळतो, २४५० ला २३ आणि २८५० ला जेमतेम २०. म्हणजे रॉक्सएवढ्या लांबीला थारइतका अँगल हवा असेल तर पोट ४ सेंमी वर पाहिजे, आणि टायरचा व्यास वाढला की त्याच्या निम्मीच उंची मिळते, म्हणजे ते फक्त टायरने करायचं तर टायर ३ इंचांनी मोठे. सस्पेन्शन लिफ्टने पण पोट वर जातं, पण डिफचा (एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचा) गोळा तिथेच राहतो हे विसरू नका.

हे कागदावर पटत नसेल तर पोटाच्या उंचीच्या दोन काठ्या घ्या, त्यांच्या टोकांना व्हीलबेसएवढी सुतळी ताणून बांधा आणि दोघांनी मिळून तुमच्या नेहमीच्या ट्रॅकवरच्या बांधावरून, दगडांवरून ती न्या. सुतळी टेकली तिथे गाडी टेकणार. लोक हसतात, हसू दे.

मग आखूडच चांगली का? तर नाही. समजा सपाटीवर वजन पुढे-मागे निम्मंनिम्मं आहे आणि गुरुत्वमध्य ७५ सेंमी उंचीवर, तर ३० अंशांच्या चढावर २०३२ च्या गाडीत पुढच्या चाकांवर २९ टक्के वजन उरतं, २८५० च्या गाडीत ३५. आखूड गाडीचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग ऐकत नाही, लाल चिखलाच्या उतारावर ती आडवी पण पटकन होते. वर लिफ्ट केली की मागच्या एक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आधीच बुटका, त्याचा अँगल वाढतो, गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) जातात. माझे एका पावसाळ्यात दोन गेले.

लांब गाडी चढावर शांत, सामान घेते, पण जंगलातल्या अरुंद वळणावर तिला पुढे-मागे करत बसावं लागतं, आणि मागचं चाक आतून वळण कापतं, दगड चुकवला म्हणेपर्यंत मागचं त्याच्यावर चढलेलं असतं.

माझं मत, सह्याद्रीतले दगड आणि कोकणातला चिखल दोन्ही करायचं असेल तर ३१-३३ इंच टायरला २३५० ते २५५० मिमी व्हीलबेस पुरे. मोठे चढ आणि ३५ चे टायर असतील तरच त्याच्या पुढे जा.

इंच-दोन इंचच हवे असतील तर चासी कापू नका, एक्सल सरकवा. पुढचा पुढे घेतला तर अप्रोच (नाक न टेकता चढावर लागायचा कोन) सुधारतो, टायर फेंडरला घासत नाही, पण ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा) बघायला लागते. मागचा मागे घेतला तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करायचा, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल चाक पूर्ण लटकवून तपासायची, टाकीला काही लागतंय का तेही.

आणि कायद्याचं. व्हीलबेस आरसीवर नोंदलेला असतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्यामुळे चासी लांबवलेली किंवा एक्सल सरकवलेली गाडी ट्रॅकपुरतीच, आणि ती ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्यायची.