चिंचिला आणू की पोपट? मुंबईच्या फ्लॅटात कसं ठरवायचं

भाच्याला चिंचिला हवाय, कारण रील बघितलं. ताई म्हणते त्यापेक्षा पोपट आण, आपल्याकडचाच आहे, मिरची-पेरू खाऊन राहील. दोघांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी साधा थर्मामीटर आणा आणि आठवडाभर दुपारी ३ वाजता हॉलमधलं टेम्परेचर लिहून ठेवा. आमच्याकडे गोरेगावात एप्रिलमध्ये पंखा फुल असून ३३. चिंचिला म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, उंदीर-खारीच्या जातकुळीतला प्राणी, तिथल्या थंडीसाठी केस एवढे दाट की एकेका छिद्रातून ५० च्या वर निघतात, आणि हा स्वेटर काय त्याला काढून ठेवता येत नाही. पारा २५ च्या वर गेला की धोका सुरू, उष्माघाताने जीवही जातो. पंख्याने काही होत नाही, त्याला घाम येतच नाही, म्हणजे दिवसभर एसी, आणि लाईट गेली की तुमची धावपळ.

मग आंघोळ बघा. पहिल्या पावसात पोपट वायरीला उलटा लटकून पंख पसरून मस्त भिजतो. चिंचिलाला मात्र पाणी लावायचंच नाही, दाट केस आतून ओले राहिले की बुरशी धरते, तो बारीक धुळीत लोळतो. आता जुलैतली मुंबईची हवा आठवा, कोरडं काय राहतं इथे? शिवाय गडी रात्रीचा जागा, पिंजऱ्यात उड्या मारणार, आणि वन रूम किचनमध्ये झोपायचं कुठे ते तुम्हीच ठरवा.

म्हणजे पोपट? तर नाही. आपला हिरवा, कंठीवाला पोपट वन्यजीव आहे, १९७२ च्या कायद्याने तो पाळणं गुन्हा, मग कोणी कितीही "घरचाच आहे हो" म्हणत विकू दे. पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर घरी न ठेवता १९२६ ला फोन करून वनखात्याला कळवा.

पोपट बघायचाच तर सकाळी खिडकीत बसा, समोर देशी बदामाचं झाड असेल तर उत्तमच. पाय नीट बघा, दोन बोटं पुढे दोन मागे, त्यामुळे एका पायावर उभा राहून दुसऱ्याने फळ धरून खातो, चिंचिला बिचारा मागच्या पायांवर बसून पुढचे दोन्ही पंजे वापरतो. आणि गळ्याला कंठी नाही म्हणून लगेच मादी म्हणू नका, नराला ती यायला तीनेक वर्षं लागतात, यावरून भाचा दोनदा हरलाय माझ्याशी.